डाव्या हाताचा तबला : दिनदर्शिकेतल्या एका फोटोचं प्रकरण

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेनं शहराच्या संगीत परंपरेवर भिंतीवरची दिनदर्शिका काढली. बारा महिने, बारा फोटो. त्यातल्या एका पानावरून वाद उभा राहिला आणि तो निस्तरण्यासाठी संस्थेनं मला बोलावलं. जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम, म्हणून हे माझ्याकडे आलं. ज्या घरानं फोटो दिला त्यांच्या इच्छेप्रमाणे इथं कुणाचंही नाव घेतलेलं नाही. संस्थेचं नाही, डीटीपीवाल्याचं नाही आणि फोटोतल्या दोघा कलाकारांचंही नाही. प्रकरण मात्र जसं घडलं तसं मांडतो, कारण हे असं पुन्हा पुन्हा घडतं आणि बहुतेक वेळा कुणाच्या लक्षातही येत नाही.

फोटो कृष्णधवल, १९७० च्या दशकातल्या एका घरगुती मैफलीचा. मधे सतारिये, बाजूला तबलजी, मागे कापडी पडदा आणि पडद्यावर काहीतरी अक्षरं, त्यातली बरीचशी माणसांच्या डोक्यांनी झाकलेली. खाली सतरंजी, पुढं दोन-तीन श्रोत्यांच्या पाठी. छान फोटो आहे. तबलजींची मान किंचित वाकलेली, नजर सतारीच्या दांडीवर. समेवर यायच्या आधीचा क्षण असावा, असं बघणाऱ्याला वाटतं.

दिनदर्शिकेच्या प्रकाशनासाठी हाच फोटो मोठा करून फ्लेक्सवर घेतला. मिरजकर तिकटीजवळ एक लागला, राजारामपुरीत एक. तबलजींची मुलगी, जिला इथं ताई म्हणतो, रिक्षातून जाताना तो पाहून थांबली. घरच्याच अल्बममधला फोटो, तिनंच दिलेला. तरीही तिला पहिल्यांदा वडील ओळखू आले नाहीत. मग गालावरचा तीळ बघितला, तो भलत्याच गालावर. आणि मग हात बघितले.

"फोटो बाबांचाच आहे हो," ती संस्थेत येऊन म्हणाली, "पण बाबा असे कधी बसलेच नाहीत. बाबा डावरे होते."

डावऱ्या तबलजींची गोष्ट

ज्यांनी तबला जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जोडीतला लाकडी, लहान तोंडाचा तो तबला. धातूचा, मोठ्या पोटाचा तो डग्गा. रिवाजाप्रमाणे तबला उजव्या हाताला आणि डग्गा डाव्या हाताला. समोर बसलेल्या श्रोत्याला म्हणून तबला डावीकडे दिसतो. डावरा वादक काय करतो? दोन्ही चुंबळी उचलतो, जागा बदलतो आणि बसतो. वाद्यात काडीचाही फरक करावा लागत नाही. तीच शाई, त्याच वाद्या, तेच गट्टे. फक्त बाजू बदलते.

वाद्यात फरक नसला तरी माणसाला मात्र बरंच सोसावं लागतं. ताईनं सांगितलं ते असं : बाबा लहानपणी शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी डग्गा उचलून डावीकडे ठेवला गेला. खायचा हात उजवा, लिहायचा उजवा, तर वाजवायचा डावा कसा चालेल? काही वर्षं उजव्यानं वाजवलं, हात बसेना. बोल स्वच्छ येईना, विशेषतः तर्जनीनं किनारीवर घेतलेला 'ना'. शेवटी घरी रियाज करताना गुपचूप जोडी फिरवली आणि जे वाजलं ते ऐकून मोठ्या भावानंच गुरुजींना जाऊन सांगितलं. गुरुजींनी ऐकलं, मान्य केलं. पुढं मैफलीत बसताना मात्र दरवेळी बोलावं लागे. कोण म्हणे अपशकुन, कोण म्हणे बघायला बरं दिसत नाही. एका यजमानानं तर म्हणे "आज एक दिवस उजव्यानं वाजवा" अशी विनंती केली होती. त्यांनी वाजवलं नाही. पाकीट न घेता घरी आले.

हे सगळं मी इतकं सविस्तर लिहितोय कारण फ्लेक्सवरच्या फोटोनं नेमकं तेच केलं होतं, जे हा माणूस हयातभर नाकारत आला. गेल्यानंतर त्यांना उजव्या हातानं वाजवायला लावलं. ताईचा राग तिळावर नव्हता.

कुणी काय केलं

डीटीपीवाला पोरगा लक्ष्मीपुरीतला, कामाला चोख. त्याच्याकडं मूळ स्कॅन होता आणि तो बरोबर होता. त्यानं पान लावलं, प्रूफ पाठवलं. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी प्रूफ पाहिलं. अण्णा तरुणपणी तबला शिकलेले. त्यांच्या नजरेला तबला भलत्या बाजूला दिसला आणि त्यांनी प्रूफवर लिहिलं : 'फोटो उलटा छापला आहे. सुलटा करा.' पोरानं एक बटण दाबलं, फोटो आडवा फिरला. पुढच्या प्रूफवर अण्णांची सही.

अण्णांच्या जागी मी असतो तर शंका मलाही आली असती, आणि शंका येणं हा गुण आहे. प्रूफ बघणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तबला कुठल्या हाताला असतो हे ठाऊक नसतं. शिवाय उलटे फोटो खरोखरच छापले जातात. मांडणी करणाऱ्यांचा एक संकेत असतो की चेहरा मजकुराकडे बघणारा हवा, पानाबाहेर बघणारा नको. त्यापायी कितीतरी वादक एका बटणासरशी डावरे होतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोनांत आरशासारखाच जपला जातो. आणि निगेटिव्हच्या काळात तर डार्करूममध्ये फिल्म पालथी बसली की प्रिंटच उलटा निघे. म्हणजे अण्णांची शंका रास्त होती. शंका आल्यावर ज्या घरातून फोटो आला त्या घरी एक फोन गेला नाही, इथं गाडी चुकली.

तक्रार आली तेव्हा संस्थेनं बैठक बोलावली आणि तिथं प्रकरणाला खरा पीळ पडला. कारण त्याच बैठकीला सतारियांचे एक शिष्य आले होते. त्यांचं म्हणणं, फ्लेक्सवर आमचे गुरुजी डाव्या हातानं नखी मारताना दिसतात, हे चूक. अण्णांचं म्हणणं, फोटो फिरवला तर तबला चुकतो. एक वाद्य बरोबर केलं की दुसरं चुकतं! कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवलं, कुणी केसांच्या भांगाकडे. ताई म्हणाली, बाबा डावरे होते, आणखी काय पुरावा हवा? अण्णा शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा शब्द मी खाली पाडत नाही. पण छापील पानावर जाणार आहे, तर फोटोनंच बोललं पाहिजे." मला हे म्हणणं पटलं. स्मरण पवित्र असतं, पण चाळीस-पन्नास वर्षांनी त्यावर वाद घालणारे निघतात. फोटोतला पुरावा निघाला तर वाद तिथंच मिटतो.

फोटो काय बोलला

घड्याळ मी आधीच बाजूला ठेवलं. सतारियांच्या मनगटावर घड्याळ आहे, पण मींड घेताना, म्हणजे डाव्या हातानं तार ओढून सूर वळवताना, आड येऊ नये म्हणून ते उजव्या हातात बांधणारेही असतात आणि डावरी माणसं तर बांधतातच. भांगाचंही तसंच. पेटी असती तरी फारसा उपयोग नव्हता, आणि ही गंमत फार थोड्यांना माहीत आहे : पेटीच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत येतात, आणि आरशात बघितल्या तरी दोन-तीन, दोन-तीन अशाच दिसतात. पट्ट्यांचा मधला भाग बघून फोटो उलटा की सुलटा हे सांगता येत नाही.

सतार मात्र बोलते. तिच्या दांडीच्या एका कडेला तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप निनादणाऱ्या बारीक तारांच्या, खुंट्या ओळीनं असतात, साधारण ११ ते १३. वादक सतार धरून बसला की ही कड वर, त्याच्या चेहऱ्याकडे येते. चिकारीच्या, म्हणजे लयीसाठी मधूनमधून छेडायच्या, ताराही त्याच वरच्या बाजूला, आणि बाजाची मुख्य तार खालच्या कडेला. आता समजा एखाद्या डावऱ्यानं हीच सतार उलट्या हातात घेतली, तर काय होईल? भोपळा डावीकडे, दांडी उजवीकडे जाईल, पण त्याबरोबर वरची कड खाली जाईल. चिकारी खाली, बाजाची तार वर, आणि तरफांच्या खुंट्या जमिनीकडे तोंड करून. तबल्यासारखी सतार फिरवता येत नाही. डावऱ्या माणसाला सुखानं वाजवायची तर दांडी, खुंट्या, घोडीवरच्या खाचा, सगळं आरशातल्यासारखं नव्यानं करून घ्यावं लागतं. म्हणून डावरी माणसंही बहुधा उजव्यानंच सतार शिकतात.

फ्लेक्सवरच्या फोटोत दांडी वादकाच्या उजवीकडे होती आणि खुंट्या मात्र वर होत्या. याचे अर्थ दोनच. एक तर ही डावऱ्यासाठी खास घडवलेली सतार आहे, किंवा फोटो फिरवलेला आहे. पहिली शक्यता निकालात काढायला मिरजेला गेलो. मिरज आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत, आणि तंतुवाद्यांच्या बाबतीत सगळ्या देशाची नजर तिकडेच असते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथं सतारी-तंबोरे घडवायला घेतले त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी दोन्ही प्रिंट हातात घेतले. अंगठ्याखाली एक एक खुंटी सरकवत त्यांनी दांडी बघितली, मग घोडीजवळ थांबले. डावरी सतार ऑर्डरनं करतात, नाही असं नाही, म्हणाले. मग भिंतीवर टांगलेली एक सतार काढून मांडीवर घेतली आणि तीच दुसऱ्या हाताला फिरवून दाखवली. खुंट्या जमिनीकडे गेल्या. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर वेगळं समजावून सांगायची गरज राहिली नाही.

तरी माझं समाधान झालेलं नव्हतं. सतारियांचे शिष्य सांगत होते की गुरुजी उजव्यानंच वाजवत, त्यांचे इतर फोटोही तेच दाखवत होते. पण मूळ प्रिंटच डार्करूममध्ये उलटा निघाला नसेल कशावरून, हा प्रश्न कुणीतरी काढलाच असता. म्हणून मूळ प्रिंट ताईकडून मागवला आणि जास्तीत जास्त बारकाईनं पुन्हा स्कॅन केला. दोन गोष्टी सापडल्या.

तबलजींनी सदऱ्यावर जाकीट घातलेलं आहे. जाकिटाच्या छातीवरच्या खिशात पेन आहे. पेनाच्या क्लिपचा चकाकता पांढरा रेघोटा मोठं केल्यावर स्पष्ट दिसतो. पुरुषांच्या जाकिटाला तो खिसा शिंपी डाव्या छातीवर लावतो, घालणारा डावरा असो वा उजवा. मूळ प्रिंटमध्ये खिसा डाव्या छातीवर होता.

दुसरी गोष्ट पडद्यावरची. सतारियांच्या खांद्यामागून एक अक्षर अर्धवट डोकावतं. दिनदर्शिकेच्या पानावर कड कापताना ते जवळजवळ गेलंच होतं, फ्लेक्सवर उरलं होतं पण धूसर. नव्या स्कॅनमध्ये ते 'स' निघालं. देवनागरीत काना असलेल्या अक्षरांचा दांडा उजवीकडे असतो. मूळ प्रिंटमध्ये उजवीकडेच होता. फ्लेक्सवर बघितलं तर दांडा डावीकडे आणि पोट उजवीकडे, असं अक्षर आपल्या लिपीत नाही.

सतार, खिसा, अक्षर. तिघांची साक्ष एकच निघाली : अल्बममधला प्रिंट खरा, आणि त्यात तबलजी डाव्या हातानं वाजवताहेत.

अशा निवाड्याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. बिली द किड नावाच्या कुख्यात गुन्हेगाराचा लोखंडी पत्र्यावर घेतलेला एक फोटो वर्षानुवर्षं छापला गेला आणि त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं म्हणून लोकांनी त्याला डावरा ठरवलं. त्या पद्धतीचे फोटो मुळातच आरशासारखे उलटे येतात. त्याच्या हातातल्या विंचेस्टर रायफलीत काडतूस भरायची फट उजव्या बाजूला असते, फोटोत ती डावीकडे दिसत होती. त्यावरून गोष्ट उलगडली. आपलं प्रकरण याच्या बरोबर उलट आहे. तिथं उजव्याला डावरा केला, इथं खऱ्या डावऱ्याला उजवा केला. दोन्हीकडे खरं सांगितलं ते हातातल्या वस्तूनं.

मग काय केलं

फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरवले. दिनदर्शिका वाटून झालेल्या होत्या, त्या परत मागवणं शक्य नव्हतं. संस्थेनं त्या एका महिन्याचं पान पुन्हा छापून शाखांच्या काउंटरवर ठेवलं आणि सभासदांना मेसेज केला. किती जणांनी नेऊन पान बदललं हे महत्त्वाचं असलं तरी त्याहून मोठी अडचण वेगळी होती : उलटा फोटो तोवर व्हॉट्सॲपवर फिरला होता. तो परत येत नाही. त्यावर इलाज एकच सुचला, की खरा फोटो त्याच वाटेनं आणि माहितीसकट सोडायचा. म्हणून नव्या पानावर फोटोखाली ओळ घालायची ठरली.

त्या ओळीवर पुन्हा चर्चा झाली. काहींचं म्हणणं, फक्त नावं द्या, हात कशाला? ताईचा आग्रह होता की हात लिहाच. मी तिच्या बाजूनं होतो. ओळ नसती तर पुढच्या कुठल्याशा प्रूफवर दुसरे कुणी अण्णा भेटले असते आणि त्यांनी शुद्ध हेतूनं फोटो पुन्हा 'सुलटा' केला असता. शेवटी 'तबला डाव्या हाताने' असं स्वच्छ छापलं. अण्णांनीच त्या प्रूफवर सही केली, आणि मग ते स्वतः ताईच्या घरी शिवाजी पेठेत गेले. तिथं जे बोलणं झालं ते त्या दोघांचं. एवढं कळलं की ती जोडी अजून घरात आहे, आणि अण्णांनी ती डावी बाजू करून मांडून बघितली.

या निमित्तानं बाकीची अकरा पानंही मी तपासून दिली. एक पान गोविंदराव टेंब्यांचं होतं. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'त, म्हणजे इथल्याच प्रभात फिल्म कंपनीच्या पहिल्या मराठी बोलपटात, हरिश्चंद्र झालेले आणि त्याचं संगीत केलेले टेंबे मुळात पेटीवाले. आणि पेटीची गत अशी की १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनं तिला दारच बंद केलं; ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं, तोवर टेंबे जाऊन सोळा वर्षं झाली होती. एका पिढीनं घराघरांत, देवळांत, तमाशाच्या फडात पेटी ऐकली आणि रेडिओवर मात्र ती नव्हतीच. सार्वजनिक माध्यमात वाद्य कसं दिसावं, दिसावं की नाही, हे ठरवणारी माणसं बहुधा वाजवणारी नसतात, ही गोष्ट त्या पानाशी बसून मला नव्यानं टोचली. आणखी एका पानावर प्रभातचं बोधचिन्ह होतं, तुतारी फुंकणारी स्त्री. तेही मूळ चिन्हाशी ताडून बघितलं, बरोबर होतं. खासबाग मैदानातल्या हलगीवाल्यांचा फोटो गेल्याच वर्षीचा, त्यामागं दुकानाची पाटी सरळ वाचता येत होती, त्यामुळे तिथं वेळ गेला नाही.

डीटीपीवाल्या पोराला कुणी बोल लावू नये असं मी बैठकीत सांगितलं. त्याला लिहून मिळालं ते त्यानं केलं. पण त्याच्याशी बसून तीन गोष्टी ठरवल्या. वादकाचा फोटो मांडणीसाठी कधीही फिरवायचा नाही. चेहरा पानाबाहेर बघत असेल तर मजकूर हलवायचा. फोटो फिरवायची सूचना प्रूफवर आली तर आधी फोटो देणाऱ्याला फोन. आणि जुना प्रिंट स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करायची, कारण तिथं शिक्का असतो, तारीख असते, कधी कुणीतरी शाईनं नावं लिहिलेली असतात. ताईच्या प्रिंटच्या मागं स्टुडिओचा अर्धा पुसलेला शिक्का निघाला, मंगळवार पेठेतला. फोटो कुणी काढला याची ओळ त्या पानावर अजून नाही. पुढच्या छपाईआधी ती घालता यावी म्हणून त्या पेठेतल्या जुन्या फोटोवाल्यांकडे चौकशी चालू आहे, आणि नव्या पानाची फाइल तोवर उघडीच ठेवायला सांगितली आहे.